आकसणी

शनिवारी उद्यमबागेतले भोंगे वाजून गेल्यावर
मी नेत्रावतीचं कलेक्शन एक्स्पोर्ट करायला बसले.
चार वर्षांत जपून ठेवलेल्या त्रेसष्ट रिक्वेस्टी.
फाउंड्रीचं ॲप बंद झालं, नेत्रावती हुबळीला गेली,
आणि सोमवारपासून खानापूरची काजू सोसायटी:
तीच वजनं, तीच बिलं, तेच ट्रक,
फक्त पत्ता वेगळा.

तिनं फोल्डरांना नावं दिली होती हळे आणि होस,
जुनं आणि नवं. खरं चालायचं जुन्यातलंच जास्त.
सतराव्या रिक्वेस्टीखाली तिची टीप:
"सुळगा दोन आहेत. येळ्ळूरकडचा की हिंडलग्याकडचा
ते विचारून घे की, नाहीतर गाडी फिरत बसते."
बाविसावीखाली: "शहराचं नाव तीन तऱ्हेनं येतंय.
तिन्ही घे. भांडू नको."
एकेचाळिसावीखाली नुसतं: "इरली बिडु."
असू दे, सोड.
ती पाचशेची एरर, कुणालाच कधी न सुटलेली.

अप्पा शेजारी कॉटवर.
सदतीस वर्षं सागवानाची पॅटर्नं केलेले हात
आता लसूण सोलतात.
काय करालीस, म्हणाले.
मी म्हटलं, तुमची पॅटर्नं कशी रॅकवर असायची,
लाल रंगाची, नंबर मारलेली,
गिऱ्हाईक बदललं तरी पंपाचं तेच केसिंग
वाळूत दाबलं की परत साचा तयार,
तसं. एकदा नीट विचारलेला प्रश्न
पुन्हा पहिल्यापासून लिहायचा नाही.
वजन किती मग ह्याचं?
एकशे बारा केबी.
ते हसले नाहीत. लसणाची एक पाकळी
उजेडात धरून बघितली.
आकसणी ठेवलीस काय?

लोखंड थंड होताना आकसतं.
म्हणून पॅटर्न नेमक्या मापाचं करायचं नसतं,
फुटामागं एक सूत मोठं.
त्यांच्याकडं त्यासाठी वेगळी पट्टी होती,
जिच्यावरचा फूट फुटापेक्षा मोठा.
तिसरीत मी तिनं भूमितीची आकृती काढली
आणि बाईंनी सगळी उत्तरं चूक दिली.

मी परत स्क्रीनकडं वळले.
जिथं जिथं जुन्या गिऱ्हाइकाचा पत्ता
घट्ट बसला होता, तिथं महिरपी कंस घातले,
आत नुसतं नाव, किंमत नंतर ओतायची.
गोदाम क्रमांक कंसात.
तालुका कंसात.
नवव्या रिक्वेस्टीच्या हेडरमध्ये टोकन सापडलं, अजून जिवंत,
कधीतरी घाईत चिकटवलेलं,
चौकटीवर ठेवून विसरलेल्या किल्लीसारखं.
काढलं. मग वाटलं, आणखी असतील.
होती. दोन.
त्यातल्या एकीत नमुन्याच्या गिऱ्हाइकाचं नाव:
कल्लाप्पा हुंदरे, पॅटर्नवाले, थकबाकी शून्य.
कधी बोलली नव्हती ती हे मला.
टोकन पुसलं, अप्पा तसेच ठेवले.
त्यांना सांगायला वळले तर ते झोपले होते,
मांडीवर लसणाची ताटली.

साडेदहाला नव्या प्रोजेक्टात इम्पोर्ट केलं.
त्रेसष्टच्या त्रेसष्ट आल्या, टिपांसकट.
पहिली पाठवली. चारशे एक.
तुम्ही कोण, म्हणाला सर्व्हर.
बरोबरच आहे, खानापूरवाल्यांनी किल्ली
अजून दिलीच कुठं.

नेत्रावतीला फोटो पाठवला.
लगेच उत्तर: सुळगा बघितलीस?
खानापूर तालुक्यात सुळगा कुठला, मी लिहिलं,
खरं हलगा आहे. आणि बेळगावाजवळ पण एक हलगा आहे.
बराच वेळ तीन टिंबं हलत राहिली.
मग:
आयतु. टीप तीच ठेव, नाव बदल.